टेबल नंबर चार

१

दर तासाला काळ्या पडद्यावर एक शब्द टाईप करायचा आणि एंटर मारायचं. एवढीच माझी नोकरी. दहावीला दोनदा गचकलेल्या पोरीला याहून सोपं काम कोण देणार होतं? मामाने दिलं. म्हणजे मिळवून दिलं.

लॅब मामाची आहे असं समजू नका. लॅब मॅडमची. खाली रक्त-लघवी तपासतात, आणि वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही त्याचे रिपोर्ट डॉक्टरांना फॅक्स करतो. हो, फॅक्स. हसा, मी पण हसले होते. पण कितीतरी म्हातारे डॉक्टर असे आहेत, की मोबाइलवर आलेला रिपोर्ट त्यांना अफवा वाटतो. मशीनमधून कोमट कागद बाहेर आला, की मग तो खरा.

आमच्या खोलीत तीन टेबलं. दाराजवळ मामा, टेबल एक. खिडकीखाली बाई, टेबल दोन. बाई इथे इतकी वर्षं आहेत, की त्यांच्या खुर्चीलाच त्यांचा आकार आलाय. कोपऱ्यात मी, टेबल तीन, आणि माझ्या पायाशी फॅक्सचा सर्व्हर. करड्या रंगाचा डबा, दिवसभर घुं करत बसतो आणि हिवाळ्यात पाय शेकायला बरा पडतो. चौथ्या बाजूला नुसती भिंत. तिच्यावर साधं कॅलेंडरसुद्धा नाही.

फॅक्स पाठवताना नाव घालायचं नाही, टेबलाचा नंबर घालायचा. हा मामाचा नियम. पूर्वी म्हणे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच डॉक्टरला गेला, की नावं घेऊन भांडणं व्हायची आणि माणसं डबा न खाता घरी जायची. आता म्हणायचं, "टेबल दोनचं चुकलं." टेबलाला कसला राग येणार?

तर मी टाईप करायचे, फॅक्सस्टॅट. एंटर. की पडद्यावर रांग उमटायची. कामाचा नंबर, कुठल्या टेबलाचं, कुठल्या फोनवर, किती पानं, आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. त्या अक्षरांची चिठ्ठी मामाने मॉनिटरला चिकटवली होती. आर म्हणजे जातंय. एस म्हणजे झोपलंय, वेळ झाली की उठेल. बी म्हणजे अडवलंय, कारण त्याच नंबरवर आधीच दुसरा फॅक्स चाललाय. डी म्हणजे पोचलं. आणि काहीच काम नसलं, की सर्व्हर एक ओळ लिहायचा, त्याचा अर्थ होतो "चालू आहे आणि रिकामा आहे."

"हे वाक्य तुझ्यावरून लिहिलंय," मामा म्हणायचा.

मला घेताना मॅडमने माझा गुणपत्रिकेचा कागद दोन बोटांनी धरला होता, मेलेली पाल धरावी तसा. तेव्हा मामा म्हणाला होता, "मॅडम, हिने एक जरी खोडी केली, तर हिच्याबरोबर मी पण घरी बसेन." त्याची नोकरी दर वर्षी मुदत वाढवून चालते. आणि मामाला घरी बसवणं म्हणजे काय ते मला आणि मामीलाच माहीत. रविवारी तो कपाटांना नंबर घालतो. मामीला विचारतो, "कपाट तीनमधला टॉवेल कोणी काढला?" एका आठवड्याच्या आजारपणात तो असा सुकला होता, की डॉक्टरनेच सांगितलं, याला कामावर पाठवा.

म्हणजे मी नीट वागायचं, एवढंच काय ते.

२

मी नीट वागले. चांगले अकरा दिवस.

बाराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की टेबलाच्या नंबराच्या जागी काहीही घातलं तरी सर्व्हर ऐकतो. तो बिचारा कोणाला विचारत नाही, बाबा रे तू खरंच आहेस का. मी लिहिलं, टेबल चार. आणि बाईंच्या शेजारी स्टुलावर जे जुनं फॅक्स मशीन आहे ना, बाहेरचे कागद घ्यायला ठेवलेलं, त्याच्याच नंबरवर एक पान सोडलं.

मशीन खाकरलं. कागद बाहेर आला. बाईंनी चष्मा शोधला, मिळाला नाही, तसंच लांब धरून वाचलं.

"आमच्या टेबलाला पंखा नाही. फार उकडतं. टेबल चार."

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "अहो टेबल एक, हे कोण?"

मामाने वाचलं. "चुकून आलं असेल कुठूनतरी."

मी दुसरं सोडलं. "बाई, चष्मा डोक्यावर आहे. टेबल चार."

बाईंनी हात डोक्यावर नेला आणि त्या अशा काही किंचाळल्या, की खालून लॅबवाला पोरगा सुई घेऊनच वर आला. मला हसू आवरेना. मला हसता हसता उचक्या लागतात, म्हणून घरात सगळे मला उचकीच म्हणतात. मी टेबलाखाली तोंड घालून सर्व्हर पुसतेय असं दाखवलं.

आठवडाभर माझी चैन होती. टेबल चारने बाईंच्या डब्याचं कौतुक केलं. टेबल चारने मामाला विचारलं, आज शर्टाचं बटण वरखाली लावायची फॅशन आहे का. बाईंना तर मजा यायला लागली. कागद आला की हातातलं सोडून धावायच्या.

मग माझं एक पान रिपोर्टांच्या गठ्ठ्यात गेलं, आणि गठ्ठा गेला मॅडमच्या केबिनमध्ये. त्यावर लिहिलं होतं, "मॅडमच्या सँडलचा आवाज जिन्यातूनच येतो, फार सोय होते. डुलकीतून उठायला तेवढा वेळ पुरतो."

त्या दिवशी सँडलचा आवाज आलाच नाही. मॅडम हातात सँडल घेऊन दारात उभ्या होत्या.

"टेबल चार कोण?"

मी परत सर्व्हर पुसायला घेतला.

"मॅडम, आपल्याकडे तीनच टेबलं आहेत," मामा म्हणाला.

"मग चौथं बंद करा. ज्याचा कोणाचा हा चावटपणा आहे तो परत दिसला, तर तुमच्या मुदतीचा कागद मी सही न करता फाडीन. तुम्ही शब्द दिला होता."

सँडल घालून त्या गेल्या. मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो बटण नीट लावत होता.

मी त्याच दिवशी शपथ घेतली. मामाच्या डोक्यावर मनातल्या मनात हात ठेवून.

३

मंगळवारी सकाळी अकरा वाजून गेल्यावर मी नेहमीसारखं फॅक्सस्टॅट मारलं.

रांगेत एकच काम. टेबल चार. एक पान. नंबर आपल्याच जुन्या मशीनचा. झोपलंय.

मला वाटलं, माझंच जुनं एखादं अडकून राहिलंय. धाबं दणाणलं. काढून टाकावं म्हणून हात पुढे केला, तोवर अकरा वाजून सात मिनिटं झाली आणि एसचा आर झाला. बाईंच्या शेजारी मशीन खाकरलं.

बाई खाली गेल्या होत्या. मामा बाहेर पोस्टात. मी एका उडीत कागद ओढला.

"आता पंखा आहे. टेबल चार."

हे मी लिहिलेलं नव्हतं. मी खोडकर असेन, विसरभोळी नाही. माझा प्रत्येक विनोद मला पाठ असतो. तोंडी परीक्षा त्यावर असती तर मी बोर्डात आले असते.

मग मी शहाण्यासारखा विचार केला. बाईंनी केलं असेल. पण बाई माउससुद्धा दोन हातांनी धरतात. मामाने? मामा आणि खोडी? त्यापेक्षा सर्व्हरने लग्न केलं असं सांगा. काम कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं तेही सर्व्हर दाखवतो. तिथे बाईंचा नव्हता, मामाचा नव्हता. माझाच होता. जिथे मी दहापासून बूड न हलवता बसले होते.

"काय गं, एवढी गप्प?" मामा आल्यावर म्हणाला. "बरं नाही का?"

"बरी आहे."

त्याने डोळा मारला. मामाने मला आयुष्यात कधी डोळा मारला नव्हता. मी कागदाचा बोळा करून खिशात घातला, आणि उगाचच वर बघितलं. छताला पंखे तीनच होते. मोजले म्हणजे काय, नजर गेली.

४

बुधवारपासून टेबल चार कामाला लागलं.

खरंच सांगते, थापा नाही. फालतू पानं बंद. रांगेत नुसते रिपोर्ट. साखर, थायरॉईड, काविळीचे, सगळे बरोबर डॉक्टरला, बरोबर पानं, एकही परत आला नाही. मी दहाला यायचे तोवर टेबल चारचे वीस पोचलेले असायचे. मी तीन सोडायचे, त्यातला एक चुकीच्या दवाखान्यात जायचा. म्हणजे माझी मेली इज्जत काय राहिली?

"चार नंबरचा हात किती चालतो बघ," बाई मला म्हणाल्या. "शीक जरा."

"बाई, चार नंबर कोण आहे?"

"कोण म्हणजे?" बाईंनी चष्मा पुसला. "तिकडचं ना ते."

आणि त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली, जशी आपण शेजारच्या घराकडे करतो. त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि गुणगुणत होत्या. एवढ्या खुशीतल्या माणसाला काय विचारणार?

गुरुवारी दुपारी ऊन थेट भिंतीवर पडलं होतं. मामा आणि बाई दोघंही खाली चहाला गेलेले. खोलीत मी, सर्व्हरची घुं, आणि अजून एक आवाज. खूप बारीक. जिभेला बोट लावून कोणी कागद उलटतं ना, तसा. चप्, सर्र. जरा थांबून परत चप्, सर्र.

मी म्हटलं, उंदीर. उंदीर कागद खातात, उलटत नाहीत, हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, उंदीर.

उठून भिंतीजवळ गेले. आवाज थांबला. एखाद्याच्या टेबलापाशी जाऊन उभं राहिलं, की तो हातातलं काम थांबवून वर बघतो, अगदी तसा थांबला. खाली फरशीवर धूळ होती. आमच्याकडे झाडूवाली आठवड्यातून एकदाच येते. धुळीत मधोमध एक चौकोन स्वच्छ होता. टेबल सरकवल्यावर खाली फरशी दिसते तेवढाच. आणि चौकोनाच्या अलीकडे दोन छोटे घासल्याचे डाग, जिथे बसणाऱ्याचे पाय येतील.

"सॉरी हं," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. आणि परत येऊन बसले.

चप्, सर्र.

मी फॅक्सस्टॅट मारलं. टेबल चार, जातंय.

५

खरी पंचाईत मामाची झाली होती, आणि ती माझ्या डोक्यात यायला शुक्रवार उजाडला.

एका नंबरवर एका वेळी एकच फॅक्स जातो. मामा एखाद्या डॉक्टरचा रिपोर्ट सोडायचा, की रांगेत त्याच्यापुढे बी. अडवलंय. का? तर त्याच डॉक्टरला टेबल चार आधीच काहीतरी पाठवत असायचं. ते मोकळं होईपर्यंत मामाचाच रिपोर्ट टेबल चारने पाठवून झालेला असायचा. मामा आपला रद्द करायचा आणि पुढचा घ्यायचा. परत बी.

आणि मामा? खूश! खुर्चीत मागे रेलून दात कोरत बसलेला.

"गेल्याशी मतलब," तो म्हणाला. "कोणी का पाठवेना." परत डोळा मारला.

दुपारी मॅडम आल्या. हातात बुधवारपासूनची यादी, टेबलाप्रमाणे.

"टेबल चार, तीनशे सहा. टेबल दोन, नव्वद. टेबल तीन, चाळीस." माझ्याकडे बघून, "बरं चाललंय." मग मामाकडे. "टेबल एक. शून्य."

मामा उभा राहिला.

"टेबल चार कोणाचं ते मला माहीत नाही, आणि आता जाणूनही घ्यायचं नाही. काम होतंय. पण तुम्ही इथे काय करता? उद्या चार वाजता मी परत यादी काढणार. तुमच्यापुढे शून्य असेल, तर सोमवारपासून येऊ नका."

त्या गेल्या तेव्हा मामाचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागे कोणी नव्हतं. दिवा घालवायचा राहिलेल्या खोलीसारखं.

जिन्यात त्याने मला गाठलं. "उचके, झालं एवढं बास. माझ्यासाठी केलंस, मला कळतं. पण उद्या एक दिवस मला माझं काम करू दे."

"मामा, मी काय केलं?"

"हो गं बाई, तू काहीच करत नाहीस." त्याने माझ्या टपलीत मारली. "तू कधी काही करतेस?"

"आईशप्पथ मामा. ते मी नाही."

तो हसला. माझ्या शपथांचा इतिहास त्याला तोंडपाठ आहे. मी लहानपणी आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की आरशावर मिशा मांजराने काढल्या.

६

शनिवारी सकाळी मामा नवा शर्ट घालून आला. बाह्या दुमडल्या. पहिला रिपोर्ट सोडला.

बी.

दुसरा. बी. तिसरा लांबच्या एका दवाखान्याचा, तिथे महिन्यातून एखादा जातो. सोडायचा अवकाश, बी. त्याच्यावर टेबल चार, जातंय.

बारा वाजले. दोन वाजले. बाई मजेत होत्या, त्यांचं सगळं जात होतं. मामाने सोळा सोडले, सोळाच्या सोळा अडवलेले. पडद्यावर खालून वर बीची माळ लागली होती. भिंतीकडून आवाज येत होता, चप्, सर्र, चप्, सर्र, आणि आता मला कळलं की तो कोणालाच वेगळा वाटत नाही, कारण ऑफिसात असे आवाज असतातच.

अडीचला मामा माझ्या टेबलाशी आला. मी त्याला रागावलेला पाहिलाय, झोपलेला पाहिलाय, मामीने रुसून अबोला धरल्यावरचाही पाहिलाय. असा नव्हता पाहिला.

"उचकी," तो हळू म्हणाला, "आता गंमत नको गं."

एवढंच. आणि जाऊन बसला. पुढचा रिपोर्ट घेतला. कागद सरळच होता, तरी तो परत परत सरळ करत बसला.

मी काम रद्द करायची आज्ञा टाईप केली. फॅक्सआरएम, आणि टेबल चारचा पहिला कामाचा नंबर. एंटर.

सर्व्हरने एक ओळ लिहिली. हे काम तुमचं नाही. ज्याचं आहे त्यालाच काढता येईल.

दुसरा नंबर. तेच. तिसरा. तेच. मी टेबलाखाली सर्व्हरला लाथ मारली. त्याने घुं केलं. बरोबर होतं त्याचं. मला दुसऱ्याची कामं काढू दिली असती, तर मी पहिल्याच दिवशी बाईंची सगळी काढली असती.

ज्याचं आहे त्यालाच. म्हणजे मला सर्व्हरला सांगायला लागणार होतं, की मीच टेबल चार आहे.

यात घाबरण्यासारखं काय होतं? मी हे आधी पंचवीस वेळा केलं होतं. हसत हसत. आता तेच शब्द टाईप करताना माझं बोट चारच्या आकड्यावर थांबलं. तेव्हा टेबल चार कोणी नव्हतं. कोणी नसलेल्याचं नाव घेणं वेगळं. आता माझ्या पाठीमागे, खोलीच्या पलीकडे, कागद उलटायचा थांबला होता. कोणीतरी वर बघत होतं.

मामाने अजून एक सोडला. बी.

मी चारचा आकडा दाबला.

सगळी कामं, काढून टाक. एंटर.

पडदा एकदम मोकळा झाला. टेबल चारची एकही ओळ उरली नाही. आणि भिंतीकडून आवाज आला. साधा आवाज, रोज शंभर वेळा ऐकतो तो. खुर्ची मागे सरकल्याचा.

मी मान वळवली नाही. मी पडद्यावर बघत राहिले, आणि काळ्या पडद्यात खिडकीचा उजेड पडला होता त्यात काहीतरी उभं राहिलं. नीट नाही दिसलं. माझ्याएवढंच असेल. जरा पोक काढून, खूप वेळ बसून उठलेलं माणूस कंबर सरळ करतं तसं. मग बाईंच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने हलला आणि काचेत नुसती अक्षरं राहिली.

आर. आर. आर. मामाची सतराच्या सतरा.

"गेले!" मामा ओरडला. "बाई, गेले हो!"

"जाणारच," बाई म्हणाल्या. "चार नंबर उठलं वाटतं."

७

मॅडम चार वाजता आल्या. टेबल एक, बावन्न. मामाने दीड तासात बावन्न सोडले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. मॅडमने यादी बघितली, मामाकडे बघितलं, आणि मुदतीचा कागद तिथेच त्याच्या टेबलावर ठेवून सही केली. मामाने तो दोन्ही हातांनी घेतला. मी उचक्या देत होते, हसूही येत होतं आणि रडूही. बाईंनी मला पाणी दिलं. एवढा चांगला दिवस आमच्या खोलीत कधी आला नव्हता, आणि भिंतीकडे अगदी शांत होतं.

निघताना जिन्यात मामा शीळ घालत होता.

"एक कबूल करतो," तो म्हणाला. "पंख्याचा फॅक्स माझा होता."

"काय?"

"सकाळी तुझ्याआधी आलो, तुझ्याच मशीनवर टाईप करून ठेवला. अकरा सातला जा म्हणून. तू सगळ्यांची चेष्टा करतेस, म्हटलं बघू आपल्यालाही जमतं का." तो लहान मुलासारखा लाजला. "तुझं तोंड बघायला मी पोस्टातून धावत आलो होतो."

मी त्याला जिन्यातच मिठी मारली. इतकं हलकं वाटलं! म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरून आलं त्याचं कारण होतं. डोळा मारण्याचं कारण होतं. मग बाकीच्यालाही असेल. फरशीवर कोणी खोकं ठेवलं असेल. उंदीर असेल. मोठा, हुशार, वाचनाची आवड असलेला उंदीर.

"आणि बाकीचे तीनशे?" मी विचारलं.

"ते तूच ना. मी मामीला सांगितलं सुद्धा. म्हटलं पोरगी सुधारली, माझं ओझं उचलते, आणि नावसुद्धा लावत नाही." त्याचा आवाज जरा जड झाला. "मॅडमसमोर मी तुला मुद्दाम काही बोललो नाही. पण मला अभिमान वाटला, काय समजलीस."

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला माझा अभिमान वाटला होता. आणि तो माझा नव्हताच. तुम्ही काय केलं असतं?

"हो," मी म्हटलं. "मीच."

"माहीत होतं मला." मामाने पिशवीतून एक घडी काढली. "फक्त हा पावणेचारचा फॅक्स कशाला? मी घाईत होतो, नीट वाचलाही नाही. तोंडाने सांगता येत नव्हतं?"

पावणेचारला मी मामाच्या शेजारी उभी राहून त्याला कागद देत होते. माझ्या मशीनपाशी कोणी नव्हतं. मी घडी उघडली.

"आता मला काम नाही. मामा, मला पण घरी न्या. टेबल चार."

"वेडी," मामा म्हणाला. "तुला काय इथे ठेवून जाणार होतो? मी खाली एका शब्दात लिहिलं आणि दिला परत पाठवून."

कागदाच्या तळाशी मामाचं गोल अक्षर होतं. "चल."

त्याने खालचं दार उघडून धरलं. मी बाहेर आले. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं, एक सायकलवाला दुसऱ्या सायकलवाल्याला शिव्या देतोय. सगळं छान. मी वळून बघितलं तर मामा अजून दार धरून उभा. शीळ घालत. नंतर तो बाजूला झाला आणि दार लावलं.

चौकात रस्ता ओलांडताना मामा माझा हात धरतो. मी सतरा वर्षांची आहे, मला लाज वाटते, तो ऐकत नाही. आजही धरला, उजव्या हाताने. डब्याची पिशवी त्याच्या डाव्या हातात असते. आज त्याने ती काखेत दाबून धरली होती.

"मामा, पिशवी अशी का धरलीस?"

"कशी?" त्याने खाली बघितलं. त्याचा डावा हात अंगापासून जरा लांब होता. बोटं अर्धी मिटलेली, अलगद, आपण लहान मुलाचं मनगट धरतो तशी. तो क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला, चष्मा कुठे ठेवला ते आठवत असल्यासारखा. मग सिग्नल बदलला, आणि मागचे लोक चला चला करायला लागले.

"चला गं," मामा म्हणाला, आणि दोन्हीकडे बघून आम्हाला पलीकडे नेलं.